बेट शंखोद्धार आणि बडोद्याचे कर्तव्य

बडोदे शहर आणि कच्छच्या आखाताच्या मुखाशी असलेले बेट द्वारका ऊर्फ बेट शंखोद्धार ही दोन स्थळे जवळजवळ एकाच अक्षांशावर, कर्कवृत्ताच्या किंचित दक्षिणेस आहेत, आणि १८१७ पासून १९४९ पर्यंत ती एकाच राज्याच्या अमलाखाली होती. असे असूनही या शहरातील सुशिक्षित मराठी कुटुंबास प्रवाळ पाहावयाचे मनात आले, तर त्याच्या डोळ्यांपुढे मालदीव, बाली किंवा फार तर अंदमान उभे राहते. बेटावर ते कुटुंब जाते ते द्वारकाधीशाच्या दर्शनापुरते, आणि प्रसाद घेऊन दोन-चार तासांत माघारी फिरते. दर्शनास जाण्यात काहीच गैर नाही. मीही त्याच निमित्ताने प्रथम गेलो. परंतु समुद्रावर पूल झाल्यापासून त्या बेटावर यात्रेकरूंचा जो ओघ लागला आहे, आणि त्या ओघाच्या सोयीसाठी ज्या योजनांची बोलणी होत आहेत, त्या पाहता एक गोष्ट निःसंदिग्धपणे सांगणे मला अगत्याचे वाटते. बेटाच्या निसर्गाची रीतसर पाहणी आणि नोंद आधी व्हावी, ती लोकांच्या भाषेत प्रसिद्ध व्हावी, आणि त्यानंतरच तेथे नवे बांधकाम उभे राहावे. शिवाय या कामी पहिला शब्द बडोद्याने टाकावा, कारण समुद्रावर हक्क सांगण्यापूर्वी समुद्र जाणून घ्यावा ही रीत सव्वाशे वर्षांपूर्वी याच शहरातील दरबाराने आचरून दाखविली होती.

बेट द्वारका ज्या ओखामंडळात मोडते, तो गायकवाडी मुलखाचा सर्वांत दूरचा तुकडा होता. बडोदे, कडी, नवसारी व अमरेली असे राज्याचे चार प्रांत परक्या संस्थानांच्या आणि इंग्रजी अमलाच्या हद्दींनी एकमेकांपासून तुटलेले होते. त्यांतही ओखामंडळ अमरेली प्रांतात मोडत असले तरी अमरेलीपासून वेगळे पडलेले, आणि खाऱ्या रणाच्या पट्ट्याने काठेवाडच्या मुख्य भूमीपासूनही अलग झालेले. तेथील वाघेर लोक मोठे कडवे; कोणाचाही अंमल त्यांनी मुकाट्याने मानला नाही. जोधा माणेक आणि मुळू माणेक या वाघेर पुढाऱ्यांच्या उठावात, १८५९ मध्ये, इंग्रजी फौजेने व आरमाराने बेटाच्या किल्ल्यावर तोफा डागल्या, आणि त्या माऱ्यातून देवळेही सुटली नाहीत. पाऊस तुटपुंजा, विहिरी मचूळ, शेती बेभरवशाची आणि रयत बंडखोर, अशा या महालाकडे एखाद्या सामान्य राज्यकर्त्याने केवळ बंदोबस्ताच्या नजरेने पाहिले असते.

श्रीमंत सयाजीराव महाराजांनी तसे पाहिले नाही. ज्या जमिनीत पीक येत नाही तिच्या कडेच्या समुद्रात काय पिकते, असा प्रश्न त्यांच्या सरकारला पडला, आणि १९०५-०६ च्या मोसमात जेम्स हॉर्नेल या सागरी जीवशास्त्रज्ञास ओखामंडळाच्या किनाऱ्याची तपासणी करण्यासाठी बोलावण्यात आले. हॉर्नेल यांनी तोपर्यंत सिलोनच्या मोत्यांच्या शिंपल्यांवर काम करून नाव मिळविले होते. पुढे ते मद्रास इलाख्याच्या मत्स्यखात्याचे प्रमुख झाले. रमेशचंद्र दत्तांसारखा अर्थशास्त्रज्ञ महसूल अमात्य म्हणून बडोद्यात काम करीत होता तो हाच काळ, तेव्हा या तपासणीमागे उत्पन्नाचा विचार होता हे उघड आहे. मोती निघतील काय, शंखांचा व्यापार वाढेल काय, मच्छीमारीस उत्तेजन कसे द्यावे, हे प्रश्न होतेच. परंतु या प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहून हॉर्नेल परत गेले नाहीत. त्यांनी खडक, वाळू, चिखल आणि खाड्या यांतून जीवांचे नमुने गोळा केले. ते निरनिराळ्या तज्ज्ञांकडे पाठविण्यात आले, त्यांतील स्पंजांचा अभ्यास आर्थर डेंडी या प्राणिशास्त्रज्ञाने केला. आणि ‘ओखामंडळचे सागरी प्राणिशास्त्र’ या विषयावरील बडोदे सरकारास सादर केलेला अहवाल १९०९ व १९१६ साली दोन भागांत लंडनहून प्रसिद्ध झाला. एका संस्थानाने आपल्या एका कोपऱ्यातील महालाच्या समुद्रतळाची एवढी तपशीलवार नोंद करवावी, हे त्या काळच्या हिंदुस्थानात अपवादात्मक होते. मोत्यांनी दरबाराची तिजोरी भरली असे काही झाले नाही. तरीही तो खर्च वाया गेला असे मी मुळीच म्हणणार नाही, कारण शंभर वर्षांपूर्वी त्या किनाऱ्यावर काय होते हे आज आपणांस ठाऊक आहे ते त्या खर्चामुळे, आणि काय गमावले याचा हिशेब मांडण्यास दुसरा आधार फारसा नाही.

आता बेटाच्या रूपाकडे येतो. ते एकसारखे नाही. नैर्ऋत्येकडील अर्धा भाग खडकाळ पठाराचा, समुद्रातून काही हात वर आलेला. शिंपल्यांच्या आणि सूक्ष्म कवचांच्या चुऱ्यापासून घडलेला हा चुनखडक लाटांनी खालून पोखरून काढला आहे, आणि त्याच्या कपारींत उभे राहिले की भरतीचे पाणी आत घुसताना होणारा घुमारा ऐकू येतो. पूर्वेकडे जावे तसा खडक संपून वाळूचे उंचवटे लागतात, त्यांवर थोर, बाभूळ आणि खाऱ्या मातीत जगणारी खुरटी झुडपे, आणि अखेरीस जमीन निमुळती होत होत हनुमान दांडीच्या पुढे डनी पॉइंटाच्या वाळूच्या जिभेत शेवट पावते. तेथे दोन्ही बाजूंना पाणी, समोर आखात, आणि दैव अनुकूल असेल तर त्या पाण्यात डॉल्फिनांच्या पाठी वर येऊन दिसेनाशा होतात. बेटाच्या आणि मुख्य भूमीच्या मध्ये उथळ खाड्या आहेत, त्यांच्या चिखलात तिवरांची राने आहेत. तेथील लोक तिवरास ‘चेर’ म्हणतात. ओहोटीस या झाडांभोवतीच्या चिखलातून वर आलेली शेकडो श्वसनमुळे उघडी पडतात, आणि त्यांच्यामधून निवट्या आणि खेकडे धावताना दिसतात. कोळंबी आणि कित्येक मासे यांची पिल्ले येथेच वाढतात, ही गोष्ट मच्छीमारांस कोणा शास्त्रज्ञाने सांगावी लागत नाही. याच शांत पाण्याच्या भागात हॉर्नेल यांना तावदानी शिंपल्यांची वस्ती आढळली होती. उजेड आरपार जाऊ देणारे हेच शिंपले गोव्यातील जुन्या घरांच्या खिडक्यांत काचेच्या जागी बसविलेले असतात, हे आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल.

परंतु बेटाचे खरे वैभव ओहोटीनंतरच्या खडकावर आहे. अमावास्येच्या उधाणानंतर पाणी फार दूर ओसरले असता तेथील एका वयस्क खारव्याबरोबर मी त्या खडकावर उतरलो. आरंभी दृष्टीस काहीच पडत नाही. करड्या दगडांचा ओला विस्तार, त्यावर हिरवे शेवाळ आणि मधूनमधून गुडघाभर पाण्याची डबकी, एवढेच. तो वृद्ध एका डबक्यापाशी थांबला आणि म्हणाला, “साहेब, येथे पाय जपून ठेवा, हा दगड जिवंत आहे.” वाकून पाहिले तेव्हा ध्यानात आले की ज्यास मी शेवाळलेला धोंडा समजत होतो ती प्रवाळाची वसाहत होती, मेंदूच्या वळ्यांप्रमाणे घड्या पडलेली, फिकट हिरवी, आणि त्या घड्यांच्या कडांवर अतिसूक्ष्म जीवांची तोंडे पाण्याच्या हालचालीबरोबर आत ओढली जात होती. शेजारी एक समुद्रफूल आपले स्पर्शतंतू पसरून बसले होते. एक केंड मासा डबक्यात अडकला होता, त्याला त्या वृद्धाने हलकेच ओंजळीत उचलून खोल पाण्याकडे सोडून दिले. आणि एका कपारीतून अष्टपादाचा एक बाहू बाहेर आला, त्याने आजूबाजूस चाचपले, रंग बदलला आणि तो पुन्हा आत गेला. पाण्याखाली न जाता, श्वासाची नळी न लावता, केवळ पायी चालत प्रवाळांच्या राज्यात शिरता यावे, ही सोय जगात फार थोड्या ठिकाणी आहे. कच्छच्या आखातात भरती-ओहोटीचा फरक मुखाशीच सुमारे तीन मीटर असतो व आत जाता जाता वाढत जातो, त्यामुळे समुद्र दिवसातून दोनदा आपल्या तळाचा एक पट्टा उघडा करून दाखवितो.

या प्रवाळांस लाभलेली परिस्थिती सोयीची मात्र नाही. आखाताचे पाणी गढूळ, खारेपणा अधिक, हिवाळा व उन्हाळा यांच्या तापमानांत मोठा फरक, आणि ओहोटीस डोक्यावर रणरणते ऊन. हिंदुस्थानच्या प्रवाळांचे हे सर्वांत उत्तरेकडील ठाणे आहे. फांद्याफांद्यांची नाजूक प्रवाळे येथून जवळजवळ नाहीशी झाली असून घट्ट गोळ्यांची, सोशीक जातीची तेवढी टिकून आहेत. आखाताच्या आतल्या भागात एके काळी सिमेंटासाठी प्रवाळवाळू उपसण्यात आली, तिवरे सरपणासाठी व उंटांच्या चाऱ्यासाठी तोडण्यात आली. १९८० मध्ये सागरी अभयारण्य व १९८२ मध्ये सागरी राष्ट्रीय उद्यान जाहीर झाले तेव्हा पुष्कळ हानी होऊन गेली होती. हे देशातील पहिले सागरी राष्ट्रीय उद्यान होय, याचा गुजराताने अभिमान जरूर बाळगावा. २००१ मध्ये देवमुशीला, म्हणजे व्हेल शार्कला, वन्यजीव कायद्याचे संरक्षण मिळाले, त्याच वर्षी प्रवाळांनाही मिळाले. आणि ज्या सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर देवमुशीची कत्तल होत असे तेथीलच मच्छीमार पुढे आपली जाळी फाडून तिला सोडून देऊ लागले. लोकांना विश्वासात घेतले आणि त्यांच्या भाषेत बोलले तर काय साधते, याचा याहून मोठा पुरावा मला ठाऊक नाही.

बेटाच्या इतिहासातही समुद्राचे देणे ठायीठायी आढळते. डॉ. एस. आर. राव आणि गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील त्यांचे सहकारी यांनी बेटाच्या किनाऱ्यावर व पाण्यात जे उत्खनन केले, त्यात तीन तोंडांच्या प्राण्याची आकृती असलेली एक मुद्रा मिळाली. ती शंखाची आहे. निदान उत्तर हडप्पा काळापासून या पाण्यातील शंख माणसाच्या कारागिरीस लागत आले. हॉर्नेल यांच्या वेळी काठेवाडच्या किनाऱ्यावरील शंख ओहोटीस खडकांवरून हातांनी वेचले जात आणि थेट बंगालात जात. तेथील शांखारी त्यांच्या बांगड्या कापीत, आणि त्या बांगड्या सौभाग्याचे लेणे म्हणून स्त्रियांच्या हातांत चढत. द्वारकाधीशाचे देऊळ, हाजी किरमाणी यांचा दर्गा आणि पंचप्याऱ्यांपैकी भाई मोहकमसिंग यांच्या स्मृतीचे गुरुद्वार, अशी तीन धर्मांची श्रद्धास्थाने या एवढ्याशा भूमीवर आहेत. असे बेट केवळ दर्शनाच्या रांगेतून ओळखावे, ही मला त्याची उपेक्षा वाटते.

२५ फेब्रुवारी २०२४ रोजी ओखा व बेट यांना जोडणाऱ्या सुदर्शन सेतूचे उद्घाटन झाले. सव्वादोन किलोमीटरांहून थोडा अधिक लांबीचा हा पूल आहे, आणि तो झाला हे चांगले झाले, असे माझे स्पष्ट मत आहे. आसन्नप्रसवा स्त्रीस अथवा तापाने फणफणलेल्या मुलास घेऊन मध्यरात्री होडीची वाट पाहणे काय असते, हे ज्यांनी सोसले त्यांच्यापुढे निसर्गाचे नाव घेऊन पुलास विरोध करणे क्रौर्याचे ठरले असते. परंतु पुलाने बेटाची एक जुनी राखण काढून घेतली, हेही तितकेच खरे आहे. ओख्याच्या धक्क्यावर होडी भरण्याची वाट पाहावी लागे, समुद्र खवळला की फेरी बंद राही, आणि मोटार पलीकडे जाऊ शकत नसे. या अडचणींमुळे माणसांची संख्या आपोआप मर्यादित राहत होती. आता मोटारी थेट वाळूपर्यंत पोहोचू शकतात. फेरीच्या होड्या चालविणाऱ्या कुटुंबांची कमाई याच पुलाने आटली, त्यांच्या प्रश्नाचा विचार तर याहून तातडीने व्हावयास हवा होता.

माझ्या मते या दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकच आहे. त्या नावाड्यांना आणि खारव्यांना ओहोटीच्या खडकाचे, तिवरांचे आणि पक्ष्यांचे शिक्षण देऊन सरकारने परवानाधारक वाटाडे म्हणून नेमावे, ठरावीक पायवाटा आखाव्यात, आणि एका ओहोटीस एका खडकावर किती माणसे उतरतील याची मर्यादा घालून द्यावी. जामनगराजवळ नरारा येथे स्थानिक वाटाड्यांबरोबर खडकावर जाण्याची पद्धत आहेच. लक्षद्वीपात बाहेरच्या माणसास परवान्यावाचून पाऊल टाकता येत नाही. गालापागोस बेटांच्या राष्ट्रीय उद्यानात तर बहुतेक ठिकाणी मान्यताप्राप्त वाटाड्याखेरीज आणि आखलेल्या वाटेखेरीज कोणी हिंडू शकत नाही, आणि तरीही, किंबहुना म्हणूनच, जगातील माणसे तेथे जाण्यासाठी वर्षानुवर्षे पैसे साठवितात. बेटावर लोक राहतात, ते तीर्थक्षेत्र आहे, म्हणून असा कडक बंदोबस्त सगळ्या बेटास लागू करणे शक्य नाही व इष्टही नाही. देवळाचा रस्ता सर्वांना मोकळा असावा. खडक, खाडी आणि पूर्वेकडील वाळूची जीभ यांना मात्र राखण हवी, आणि त्या भागात पक्के बांधकाम मुळीच नको.

यावर कोणी म्हणतील की गरीब मुलखात रोजगार आधी, निसर्ग मागाहून. हा आक्षेप मी हलका मानीत नाही, कारण तो पुष्कळदा प्रामाणिकपणे घेतला जातो. परंतु बेटावरील रोजगाराचे मूळ समुद्रातच आहे. प्रवाळांचा खडक आणि तिवरे हीच माशांची जन्मभूमी; ती उजाड झाली तर चार उपाहारगृहे आणि दोन विश्रामगृहे मिळून गेलेली मासळी परत आणू शकणार नाहीत. जून २०२३ मध्ये बिपरजॉय वादळ जखौपाशी किनाऱ्यावर आदळले, तेव्हा या सबंध पट्ट्यातील हजारो माणसांना घरे सोडून सुरक्षित जागी न्यावे लागले; अशा प्रसंगी किनाऱ्याच्या गावास तिवरांच्या दाट रानाचा केवढा आडोसा असतो, हे किनाऱ्यावरच्या माणसास विचारावे.

मग बडोद्याने काय करावे? १ मे १९४९ रोजी संस्थान विलीन झाले, अमरेली आणि जामनगर असा प्रवास करीत ओखामंडळ २०१३ पासून देवभूमी द्वारका जिल्ह्यात आहे, तेव्हा मुलकी अधिकाराच्या दृष्टीने आपला तेथे काही हक्क उरलेला नाही. ज्ञानाच्या दृष्टीने मात्र वारसा आपलाच आहे. या शहरात महाराज सयाजीराव विश्वविद्यालय आहे, त्याचा प्राणिशास्त्र विभाग आहे. कमाटीबागेतील संग्रहालयात १९४४ मध्ये महीच्या मुखाशी आलेल्या निळ्या देवमाशाचा सुमारे २२ मीटर लांबीचा सांगाडा आहे, ज्याच्याखाली उभे राहून या शहरातील पिढ्यांनी समुद्राची पहिली कल्पना केली. आणि येथे श्रीसयाजी साहित्यमालेची परंपरा आहे, जिच्यातून शास्त्रीय विषयांवरील ग्रंथ मराठी-गुजराती वाचकांच्या हाती देण्यात आले. साताऱ्यात जन्मलेले काकासाहेब कालेलकर याच शहरातील गंगनाथ विद्यालयात शिकवीत होते, आणि पुढे त्यांनी नद्या, डोंगर व समुद्र यांविषयी गुजरातीत असे लिहिले की दोन्ही भाषांना ते आपले वाटावेत. ज्या शहरास अशी माणसे लाभली, तेथे हॉर्नेल यांचा अहवाल इंग्रजीत बंदिस्त राहावा, हे मला सहन होत नाही.

म्हणून माझी मागणी नेमकी आहे. विश्वविद्यालयाने व संग्रहालयाने मिळून, १९०५-०६ मध्ये ज्या ज्या ठिकाणी हॉर्नेल उतरले त्या त्या ठिकाणी पुन्हा जाऊन, तेव्हाच्या नोंदींशी आजची स्थिती ताडून पाहणारी पाहणी करावी. राज्य सरकारने तिचा खर्च मंजूर करावा, आणि ती पूर्ण होऊन प्रसिद्ध होईपर्यंत बेटाच्या किनाऱ्यावरील कोणत्याही नव्या पक्क्या कामास मंजुरी देऊ नये. येथील मराठी व गुजराती साहित्यसंस्थांनी जुना अहवाल आणि नवी पाहणी या दोहोंची सुबोध, सचित्र भाषांतरे काढून ती ओख्याच्या व बेटाच्या शाळांत विनामूल्य पोहोचवावीत.

आणि वाचकांस विनंती अशी की, सौराष्ट्र मेलने ओख्यास जाण्याचा बेत कराल तेव्हा पंचांग पाहून अमावास्या वा पौर्णिमेनंतरचा दिवस निवडा, दर्शन झाल्यावर एखाद्या खारव्यास ओहोटीची वेळ विचारा, अभयारण्याच्या हद्दीत जावयाचे असल्यास वनखात्याची परवानगी घ्या, आणि त्याच्याबरोबर खडकावर उतरा. त्याला त्याच्या वेळेचा योग्य मोबदला द्या, आणि तेथील एकही शंख, शिंपला अथवा प्रवाळाचा तुकडा उचलू नका, विकत घेऊ नका.